प्रस्तावना : ट्राउटचं पंचांग

हिमालयात फ्लाय फिशिंगला जायचं ठरलं की आपल्याकडचा माणूस आधी रॉडची चौकशी करतो. किती फुटी, कुठल्या बनावटीचा, केवढ्याला पडतो. या पुस्तकाचा क्रम तसा नाही. रॉड इथे चौथ्या प्रकरणात येतो आणि पहिलं अख्खं प्रकरण तारखांवर खर्ची पडलं आहे. शरदातली सहल बिघडते ती बहुतेक वेळा तारीख चुकल्यामुळे. रॉड स्वस्तातला होता म्हणून कुणाची सहल वाया गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पुस्तक एकाच खोऱ्याबद्दल आहे, हेही आधीच सांगून टाकतो. हिमाचल प्रदेशात, कुल्लू जिल्ह्याच्या बंजार भागात तीर्थन नावाची नदी आहे. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच कुशीत ती उगम पावते, गुशैणीला फलाचनचा ओढा पोटात घेते, नागिणी, बंजार करत लारजीला उतरते, तिथे सैंज नदीला भेटते आणि पुढे दोघी बियासला मिळतात. या उद्यानाला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. ट्राउटच्या नद्या हिमाचलात आणखीही आहेत : रोहडूची पब्बर, सांगल्याची बास्पा, बरोटची ऊहल. त्या चांगल्याच आहेत. पण दहा नद्यांची वरवरची माहिती वाचून एकाही नदीवर मासा लागत नाही. एक नदी नीट वाचता आली की बाकीच्यांचं फारसं अवघड जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आता तारखा. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. हे झालं एक टोक. दुसरं टोक पावसाच्या हातात. मोसमी वारे या भागातून साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माघार घेतात. पण पाऊस उघडला म्हणजे नदी लगेच निवळली असं होत नाही. पावसाळाभर डोंगराची माती वाहून आणणारं पाणी आधी तांबूस असतं, मग राखी होतं, मग हिरवट. हिरवट झालं की गळ टाकण्याजोगं झालं. गुडघाभर पाण्यात आपल्या बुटाची नाडी ओळखू येते का, ही माझी परीक्षा. नाडी जरा अंधूक दिसत असेल तर उत्तमच, कारण तेवढ्या गढूळपणात मासाही थोडा बेसावध असतो. थोडक्यात, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरअखेर, जेमतेम पाच आठवडे. ट्राउटवाल्यांचा शरद एवढाच.

इथे मराठी माणसाची अडचण सुरू होते. आपली लांबची सहल दिवाळीच्या सुट्टीत. मुलांच्या शाळा बंद, कचेरीत रजा मागायला तोंड, सगळं जमून येतं ते तेव्हाच. पण दिवाळी तिथीने चालते आणि मत्स्यविभागाची बंदी तारखेने. अधिक महिना आला की सण पुढे सरकतात आणि दिवाळी सरळ बंदीत जाऊन पडते. २०२३ साली अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. २०२६ हे अधिक ज्येष्ठाचं साल, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अशा वर्षी दिवाळीत तीर्थनला गेलात तर नदी बघायला मिळेल, देवदार बघायला मिळतील, रॉड मात्र पिशवीतून काढता येणार नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि त्या वर्षी अधिक मास आहे का ते पाहा. ट्राउटच्या सहलीसाठी पंचांग पाहावं लागतं हे सांगितल्यावर माझे इंग्रजी पुस्तकं वाचून तयार झालेले मित्र हसतात. हसोत.

दसऱ्याचं गणित वेगळं. कुल्लूचा दसरा आपल्या विजयादशमीला सुरू होतो आणि पुढे सात दिवस चालतो. कुल्लूत ढालपूरच्या मैदानावर रघुनाथाचा रथ ओढला जातो, आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या देवता पालख्यांतून तिथे येतात. त्यांत बंजार खोऱ्यातले शृंगऋषीही असतात. देव निघाला की गाव निघतं. तुम्हाला नदी दाखवायला ज्या पोराशी बोलणं झालेलं असतं तो त्या आठवड्यात देवाच्या पालखीबरोबर कुल्लूत असण्याची शक्यता बरीच, आणि त्याला त्याबद्दल बोल लावण्याचं कारण नाही. औटपासून वरचा रस्ता आणि कुल्लू-मनालीच्या खोल्या त्या काळात भरलेल्या असतात. दसरा पाहायचाच असेल तर दसराच पाहा, मासे वेगळ्या खेपेला धरा. दोन्ही एका सुट्टीत बसवू पाहणाऱ्याच्या हाती दोन्ही अर्धवट लागतात.

मग जावं कधी? माझं उत्तर ऐकून घरची मोठी माणसं नाक मुरडतात : पितृपक्षात. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी नवं काही आरंभत नाही, त्यामुळे तिकिटं त्यातल्या त्यात सहज मिळतात, रजा मागणाऱ्यांची रांग नसते. अधिक मासाच्या वर्षी तर हा पंधरवडा नेमका नदी निवळण्याच्या काळात येतो. २०२६ साली तो सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन १० ऑक्टोबरच्या सर्वपित्रीला संपतो. घरच्या श्राद्धाची तिथी तेवढी सांभाळा आणि निघा.

बंदी नोव्हेंबरातच का, हे समजून घेतलं तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ब्राउन ट्राउट हा थंडीत वीण करणारा मासा. पाणी गार व्हायला लागलं की मादी डोहातून उथळ पाण्याकडे सरकते. जिथे खाली सुपारीएवढे खडे आहेत आणि त्यांच्या फटींतून पाणी खेळतंय अशी जागा शोधते, कुशीवर होऊन शेपटीच्या फटक्यांनी तळात खळगा करते, त्यात अंडी घालते, आणि थोडं वरच्या अंगाला पुन्हा फटके मारून निघालेल्या खड्यांनी ती झाकते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड ते दोन हजार अंडी. पाणी जितकं थंड तितका उबायला वेळ जास्त, म्हणून ती कित्येक आठवडे त्या खड्यांखाली असतात. त्यावरून एक बूट गेला की संपलं. नीट पाहिलं तर हे खळगे ओळखू येतात : आजूबाजूचे खडे शेवाळाने काळपट, आणि मध्ये परातीएवढा भाग नुकता घासल्यासारखा फिका. असा फिका भाग दिसला की वळसा घालून जावं. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचे शेवटचे आठ दिवस, कायद्याने मुभा असली तरी, नदीला सोडून द्यावेत. पोटात अंडी असलेल्या मादीशी झटापट करण्यात मला काही पुरुषार्थ दिसत नाही.

तारखेइतकीच वेळही महत्त्वाची, आणि इथेही आपली समजूत उलटी. मासे धरायचे तर पहाटे उठलं पाहिजे असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. मे-जूनमध्ये ते खरं. ऑक्टोबरात तीर्थनची दरी इतकी चिंचोळी आणि तिचे काठ इतके उभे की ऊन पाण्यावर यायलाच साडेनऊ-दहा वाजतात. तोवर पाणी रात्रीच्या थंडीने आखडलेलं असतं आणि त्यातला मासाही. ट्राउट थंड रक्ताचा, त्याची भूक पाण्याच्या तापमानावर चालते. दहा ते पंधरा अंशांच्या आसपास तो मनापासून खातो, चार-पाच अंशांवर जेमतेम हालचाल करतो, आणि वीसच्या वर गेलं तर त्याला त्रास होऊ लागतो. म्हणून शरदात खरी वेळ साडेदहा ते साडेतीन. सकाळी अंगणात उन्हाला पाठ देऊन निवांत चहा घ्या. मक्याची कणसं छपरांवर वाळत घातलेली असतात, उतारावरचा राजगिरा लालभडक झालेला असतो, ते बघा. पाण्यात बुडवायचा साधा थर्मामीटर जवळ ठेवा. माझ्या पिशवीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे थोडक्यात. कोकणात खाडीवर गरवायला बसणारा माणूस गरीला कोळंबी लावतो, शिशाचं वजन बांधतो, आणि ते वजन दोरीला ओढत नेतं. इथे टोकाला असते ती पिसांची आणि दोऱ्याची गुंडाळलेली एक चिमुकली माशी, तिला वजन जवळपास नाहीच. वजन असतं ते जाड, गुळगुळीत लाइनला. रॉडवर चार, पाच, सहा असे जे आकडे लिहिलेले असतात ते त्या लाइनच्या वजनाचे. पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. हे ९ ग्रॅम हवेत मागेपुढे खेळवून माशी नेमक्या जागी अलगद उतरवायची, एवढंच या विद्येचं सार. शिकणाऱ्याची चूक एकच असते : मागे फेकलेली लाइन पुरती उलगडण्याआधीच तो हात पुढे आणतो. मागचा झोका संपेपर्यंत थांबायचं. मुंबई-पुण्याच्या माणसाला थांबणं जड जातं, पण ते नदीवर जाऊन शिकू नका, महिनाभर आधी घराजवळच्या मैदानात शिका. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा. सोसायटीच्या गच्चीवर नको, सिमेंटवर लाइन खरवडते आणि शेजारी प्रश्न विचारतात.

माशी कुठली लावायची, हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याआधी नदीला विचारावा. गुशैणीच्या खाली नदी जिथे नडगीभर पाण्यात पसरते तिथे वाका आणि नारळाएवढा एक दगड उचलून उलटा करा. खालची बाजू ओली, थंड आणि जिवंत असते. बारीक वाळूच्या कणांची नळी दगडाला चिकटलेली दिसेल. नखाने हलकेच टोकलंत तर नळीच्या तोंडातून काळं डोकं डोकावून आत जाईल. ती कॅडिसची अळी, स्वतःच्या लाळेच्या रेशमाने वाळू जोडून तिने ते घर बांधलेलं असतं. शेजारी चपटा, तपकिरी, तीन शेपट्यांचा, खेकड्यासारखा आडवा सरकणारा किडा दिसला तर तो मेफ्लायचा निम्फ. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक पिसांसारखे कल्ले थरथरत असतात. शेपट्या दोनच आणि अंगाने दांडगा असेल तर स्टोनफ्लाय. मासा वर्षभर जे खातो त्यातलं बरंचसं या एका दगडाखाली आहे. किड्याचा आकार आणि रंग डोळ्यांत साठवा, दगड होता तसा पालथा ठेवा (हे विसरू नका, त्यांचं घर आहे ते), आणि डबीतली त्यातल्या त्यात जवळची माशी निवडा. मग दुकानदाराला विचारण्यासारखं फार उरत नाही. फेझंट टेल, हेअर्स इअर, ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, चौदा ते अठरा नंबरच्या गळावर, आणि खोल डोहासाठी एखादी मोठी वूली बगर. यातली फेझंट टेल ही इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर याने बांधलेली. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, दोराही नाही. इतक्या साध्या सामग्रीची दुसरी माशी माझ्या पाहण्यात नाही, आणि तीर्थनवर तिच्याइतकी कामाची दुसरी नाही.

शरदातलं पाणी काचेसारखं असतं आणि ही सोय दोघांनाही असते. आपल्याला मासा दिसतो, त्याला आपण. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं तिकडून वाहत येतं. पाण्याखालून वर बघताना त्याला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यातून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो त्यामुळे हे होतं. त्या झरोक्याच्या कडेला सगळं चेपलेलं आणि धूसर असतं. म्हणून खालच्या अंगाने, वाकून, फिक्या रंगाचा शर्ट घरी ठेवून जायचं. शेवटचा बारीक तंगूस वसंतात नऊ फूट चालतो, ऑक्टोबरात बारा फूट घ्या आणि एक नंबर बारीक घ्या. बाकी सरंजामाचं कौतुक चौथ्या प्रकरणात पुरेसं केलं आहे. साडेआठ-नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड इथल्या पाव-अर्ध्या किलोच्या माशांना भरपूर झाला. विमानाने जाणार असाल तर गळ आणि कात्री सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको.

आता एक गोष्ट, जी मासेमारीच्या पुस्तकांत सहसा येत नाही. ट्राउट हिमालयातला नाही. ब्राउन ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून बर्फात बांधून काश्मीरला आणली गेली. १८९९ सालची पहिली खेप वाटेतच मेली, पुढच्या वर्षीची जगली, आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या साहेबाने ती वाढवली. तिथून १९०९ साली कुल्लूचा असिस्टंट कमिशनर हॉवेल याने ती कुल्लूत आणली आणि कटराईंजवळ उबवणीकेंद्र उभारलं. साहेबांना घरच्यासारखा विरंगुळा हवा होता, म्हणून हे सगळं झालं. त्याआधी या नद्यांत काही नव्हतं असं नाही. इथला मूळचा मासा स्नो ट्राउट, ज्याचा नावापलीकडे ट्राउटशी काही संबंध नाही; तो महासीरच्या कुळातला. दगडांवरचं शेवाळ खरवडून जगणारा, आणि आता जागतिक लाल यादीत धोक्यात आलेल्यांत मोजला जाणारा. त्याची पिल्लं ब्राउन ट्राउट खातो, त्याची जागाही बळकावतो. तेव्हा हिमालयाच्या नैसर्गिक वैभवाचा मासा म्हणून ट्राउटवर कविता करू नयेत. रॉडला स्नो ट्राउट लागला, तोंड खाली वळलेलं आणि खवले अगदी बारीक असं काही दिसलं, तर तो पाण्याबाहेर न काढता सोडून द्यावा.

गंमत अशी की याच परक्या माशाने तीर्थनला हातभारही लावला. या नदीवर जलविद्युत प्रकल्प ठरत होते तेव्हा बंजारचे माजी आमदार दिले राम शबाब यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन विरोध उभा केला, प्रकरण न्यायालयातही गेलं. नदीत ट्राउट आहे, ट्राउटमुळे माणसं येतात आणि माणसांमुळे गावाचं चालतं, हाही त्या बाजूचा एक मुद्दा होता. शेजारच्या सैंजवर, पार्वतीवर, बियासवर धरणं आणि बोगदे झाले. तीर्थन मोकळी वाहते आहे. नदीकाठच्या घरात चार रात्री राहून, जेवून, स्थानिक पोराला वाटाड्या म्हणून घेऊन आपण जे पैसे मोजतो त्यांना म्हणूनच थोडा अर्थ आहे. चंदीगडहून स्वतःची गाडी, स्वतःचा स्वयंपाकी आणि स्वतःच्या बाटल्या घेऊन येणाऱ्यांना हे पुस्तक विकत घेऊनही उपयोग होणार नाही.

आपल्याकडेही हे नवीन नाही, याची आठवण करून देतो. पुण्याच्या मुळा-मुठेत सापडलेल्या महासीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं, आपण त्याला खडस म्हणतो. लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली जातात. आणि महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या कुणी मारलेला नाही, भाविक त्याला चुरमुरे घालतात. नदीतला मासा राखायचा असतो ही समज आपल्या गाठीला आहे. हिमालयात जाताना ती घरी ठेवून जायचं कारण नाही.

तेव्हा धरलेल्या माशाचं काय करायचं? परवान्यावर मापाचे आणि संख्येचे नियम छापलेले असतात, ते पाळून एखादा मासा खाण्यात पाप नाही. पण या पुस्तकाचा कल सोडून देण्याकडे आहे. गळाचा काटा पक्कडीने दाबून बोथट करा, हात पाण्यात ओले करून मगच माशाला लावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो काढायचा तर एकच, तोही पाण्याच्या वर वीतभर. नंतर त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो आपणहून शेपूट मारेपर्यंत सोडू नका. तळलेला ट्राउट खायचाच असेल तर खोऱ्यात ट्राउट पाळणारी शेततळी आहेत, तिथला घ्या. नवरात्रात जाणाऱ्यांना तर हा मार्ग फारच सोयीचा. दिवसभर मासे धरायचे, सगळे सोडून द्यायचे, आणि संध्याकाळी राजमा-भात. व्रतही मोडत नाही, हौसही भागते. कुलस्वामिनी या तडजोडीकडे कशी बघते ते ज्याने त्याने आपल्या घरी विचारावं.

पोचण्याबद्दल फार लिहीत नाही. रेल्वेने अंबाला किंवा चंदीगड, तिथून रात्रीची बस किंवा गाडी, मंडीच्या पुढे औटच्या बोगद्यापाशी मनालीचा रस्ता सोडून लारजीकडे वळायचं. तोच रस्ता पुढे बंजारवरून सुमारे ३,१०० मीटर उंचीच्या जालोरी जोताकडे जातो. गुशैणीला जाणाऱ्याने बंजारला नदीची बाजू धरायची. एक दिवस मात्र कोरा ठेवा, येताना एक आणि शक्य असेल तर जातानाही एक. जुलै २०२३च्या पुरात बियास खोऱ्यातले रस्ते आणि पूल कागदासारखे गेले, आणि त्यानंतरचे पावसाळेही या भागाला सौम्य गेलेले नाहीत. सप्टेंबरात नकाशावर दिसणारा रस्ता जागेवर आहे की नाही ते तिथल्या माणसाला फोन करूनच कळतं. सफरचंदांच्या ट्रकांची रांग लागली तर तास-दोन तास तसेच जातात.

परवाना मत्स्यविभागाचा लागतो, तो आधी घ्यावा आणि खिशात बाळगावा. पाण्याचा कुठला टप्पा खुला आहे ते परवाना घेतानाच विचारून घ्यावं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत रॉड न्यायचा नाही. तिथे फिरायला जा, वन्यजीव कार्यालयाची परवानगी काढून जा, पण हात मोकळे ठेवून.

नदीत उतरण्याबद्दल मात्र थोडं कडक बोलावं लागेल. तीर्थनचे दगड गुळगुळीत आहेत, पाणी हाडं गोठवणारं आहे आणि मांडीच्या वर गेलं की ते माणसाला उचलतं. हातात काठी, कमरेला घट्ट पट्टा, एका वेळी एकच पाय. वरच्या डोंगरात ढग दाटले आणि पाण्याचा रंग बदलू लागला, काटक्या-पानं वाहून येऊ लागली, की शेवटचा एक झोका टाकण्याचा मोह आवरून काठावर या. आणि लारजीच्या खाली, बियासच्या पात्रात, पाणी कितीही शांत दिसलं तरी उतरू नका. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते खडकांवर उभे राहून फोटो काढत होते. धरणाखालच्या नदीला हंगाम नसतो, तिथे पाणी वीज लागेल तेव्हा येतं.

या पुस्तकात परवान्याचे दर, खोल्यांची भाडी आणि फोन नंबर मुद्दाम दिलेले नाहीत; छापून होईतो ते बदलतात. डोहांची नावंही दिलेली नाहीत, त्याचं कारण वेगळं. तीर्थन ही लहान नदी आहे, एखाद्या डोहाचं नाव छापलं की पुढच्या हंगामात तिथला काठ तुडवून सपाट होतो. नदी वाचायची कशी ते सहाव्या प्रकरणात सांगितलं आहे, डोह तुमचे तुम्ही शोधा. रस्ता, परवान्याची पद्धत, बंदीच्या तारखा यांत काही फरक पडलेला आढळला तर प्रकाशकाच्या पत्त्यावर जरूर कळवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. मासा नेमका कुठे लागला ते मात्र कुणालाही कळवू नका, मलासुद्धा.